हापशाचं वायसर कोण आणणार?

प्रश्न विचारणारी मुलगी राज्यसेवेची तयारी करते आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा: गरीब देशांना साठ-सत्तर वर्षं परदेशी मदत मिळते आहे, तरी काही देश वर आले आणि काही होते तिथंच राहिले. दोष मदतीचा की तिथल्या कारभाराचा? आधी सुशासन हवं की आधी पैसा? शेवटी एक ओळ आहे: "क्लासच्या नोट्समधलं उत्तर माझ्याकडे आहे, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

तर पाहिलेलंच सांगतो. मी हिशेबाचा माणूस. नोकरीची पहिली वर्षं मराठवाड्यात जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासण्यात गेली. मग परदेशी कर्जावर चाललेल्या एका पाणीपुरवठा योजनेच्या लेखा शाखेत आलो, आणि तिथून पुढं आफ्रिकेत, मुख्यतः मलावीत, मदतीच्या पैशाची व्हाउचरं बघत राहिलो. अर्थशास्त्राचे सिद्धांत तुम्हाला दुसरीकडं चांगले मिळतील.

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतला एक चिंचोळा देश. लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास. समुद्र नाही, पण एका अंगानं समुद्रासारखंच पसरलेलं सरोवर आहे. १९६४ साली स्वतंत्र झाला. रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचं न्सिमा, आपल्या घाट्याच्या जातीचं, पण इतकं घट्ट की हातानं गोळा वळून कालवणात बुडवून खायचं. जिल्ह्याच्या ठाण्याला तिथं बोमा म्हणतात. अशाच एका बोमापासून वीसेक किलोमीटरवरच्या गावात आम्ही पाणवठे मोजायला गेलो होतो.

हापसा बंद होता. सिमेंटच्या ओट्यावर देणाऱ्या संस्थेचं नाव, साल आणि बोधचिन्ह कोरलेलं. ओटा शाबूत, नाव शाबूत, दांडा हलवला की आत नुसता खडखडाट. बायका अर्ध्या किलोमीटरवरच्या पाणथळीत झरा उकरून वाटीवाटीनं बादली भरत होत्या. बंद पडून आठ महिने झाले होते. आमच्याबरोबरच्या मेकॅनिकनं एका पान्यानं वरचं झाकण खोललं, आतल्या सळ्या एकेक करून वर ओढल्या, पिस्टन हातात घेतला आणि रबराची झिजलेली कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. यू-सील म्हणतात तिला. आपल्या भाषेत वायसर. आपल्याकडं दोन प्लेट भजी आणि चहा होतो तेवढ्या पैशात येतं.

त्याच गावात, त्या बंद हापशापासून दोनशे पावलांवर, दुसऱ्या एका संस्थेची रिग धडधडत होती. नवीन बोअर चालू होता.

मला वाटलं, जुन्या बोअरचं पाणी आटलं असेल. तसं काही नव्हतं. वायसर बदलल्यावर विसाव्या-पंचविसाव्या हिसक्याला पाणी आलं. मग मी त्या संस्थेच्या माणसाला विचारलं की बोअरला हजारो डॉलर लागतात, वायसरला दोन-चार, मग हे कशासाठी? माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "आमच्या तिमाही अहवालात 'नवीन पाणवठे' हा रकाना आहे. 'दुरुस्त केलेले' असा रकानाच नाही. मी वायसर बसवलं तर ते दाखवू कुठं?"

माझं उत्तर खरं तर त्या रकान्यातच आहे, पण थोडं मागं जातो, कारण त्या हापशाचा आपल्या मातीशी संबंध आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी आणि मग १९७२च्या दुष्काळात आपल्याकडं रिगनं काळ्या कातळात बोअर घेणं जोरात सुरू झालं. रिग देण्यात युनिसेफचा मोठा वाटा होता. बोअर झाले, पण त्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठीचे. त्यांच्यावर अख्खं गाव तुटून पडायचं आणि ते मोडायचे. तेव्हा जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशन संस्थांशी जोडलेल्या कारागिरांनी पोलादाचा दणकट पंप करून पाहिला. त्यातला सोलापूर पंप समोर ठेवून युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क दोन' घडवला. आपण ज्याला हापसा म्हणतो तो हाच, आणि तो पुढं निम्म्या जगात गेला. त्याची एक अडचण होती: दुरुस्तीला जड पाइप वर ओढावे लागतात, तिकाटणं आणि चार माणसं लागतात. म्हणून १९८०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत 'अफ्रिदेव' तयार झाला. गावातल्या बाईमाणसालाही एका पान्यानं उघडता यावा, हीच त्यामागची कल्पना. मलावीतल्या त्या गावात मुका उभा होता तो अफ्रिदेव. म्हणजे तंत्र सोपं होतं, भाग स्वस्त होता, आणि तरी आठ महिने बायका वाटीनं पाणी भरत होत्या.

हे एकट्यादुकट्या गावाचं नाही. सहारा वाळवंटाखालच्या वीसेक देशांची आकडेवारी २००९ साली एकत्र केली गेली, तेव्हा सरासरी ३६ टक्के हातपंप बंद असल्याचं दिसलं. तीनातला एक. प्रत्येकाच्या ओट्यावर कुणाचं ना कुणाचं नाव.

आता आपल्याकडं बघा. पंचायत समितीकडं हातपंप दुरुस्तीचं पथक असतं. ते वेळेवर येतं का? माझ्या तपासणीच्या काळात निम्म्या वेळा यायचं नाही. ग्रामपंचायतीनं देखभालीची वर्गणी थकवलेली, जीपला डिझेल नाही, साखळी स्टोअरमध्ये शिल्लक नाही. मी यावर आक्षेप काढून काढून पेनं झिजवली आहेत. पण ते पद मंजूर आहे. त्या पदावर माणूस आहे. त्याचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो, कुठल्या परदेशी प्रकल्पातून नाही. आणि सरपंच त्याला फोन करून शिव्या देऊ शकतो, सभापतीकडं तक्रार करू शकतो, पुढच्या निवडणुकीत "यांच्या काळात हापसा सहा महिने बंद होता" म्हणून कुणाला तरी पाडूही शकतो. सुशासन हा शब्द फार जाडजूड झाला आहे. जागतिक बँकेनं १९८९ साली आफ्रिकेवरच्या अहवालात 'कारभाराचं संकट' असं म्हटल्यापासून तर त्यावर परिषदाच परिषदा झाल्या. मला त्याचा कळलेला अर्थ बारका आहे: वायसर कुणी आणायचं हे ठरलेलं असणं, त्यासाठी बजेटमध्ये पैसे असणं, आणि नाही आणलं तर कुणाचा तरी गळा धरता येणं.

मदतीचा पैसा बहुधा बांधकामावर येतो. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, फीत कापता येते, फोटो निघतो. शाळेची इमारत, दवाखाना, बोअर, कालवा. चालवायचा खर्च, म्हणजे मास्तरचा पगार, फ्रीजचं रॉकेल, कालव्यातला गाळ, हे यजमान सरकारनं करायचं असं करारात लिहिलेलं असतं. करारावर अर्थ खात्याचा सचिव सही करतो. त्याच्याकडं पैसे नाहीत हे त्याला माहीत असतं, आणि त्याला माहीत आहे हे देणाऱ्यालाही माहीत असतं. मलावीच्या बजेटमध्ये पगार सोडून रोजच्या खर्चाला ओआरटी म्हणतात. जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याचं सगळं कामकाज या ओआरटीवर. वर्षाच्या सुरुवातीला कागदावर मंजूर होणार, महिन्याच्या हप्त्यानं येणार, आणि वाटेत आटत आटत पोचणार. माझ्या ओळखीच्या एका जिल्ह्यात त्या अधिकाऱ्याकडं एक मोटरसायकल आणि महिन्याला दोन-तीन टाक्या पेट्रोल, एवढंच. शेकडो हापसे त्याच्या अंगावर.

मग तो महिनाभर काय करायचा? कार्यशाळांना जायचा. सरोवराकाठच्या हॉटेलात तीन दिवस, विषय 'पाणवठ्यांची शाश्वतता'. दिवसाचा अलाउन्स मिळतो. महिन्यात अशा दोन कार्यशाळा गाठल्या की पगाराएवढे पैसे सुटतात. त्याला मी कधी दोष दिला नाही, त्याच्या जागी मी असतो तर तिसरी कार्यशाळाही शोधली असती. पण बघा काय झालं: माणूस सरकारचा, पगार सरकारचा, आणि त्याचा वेळ मात्र देणाऱ्यांनी विकत घेतलेला. गावानं त्याच्याकडं तक्रार करावी तर तो बोमात नाही.

याहून वाईट मी स्वतः केलं आहे. आमच्या प्रकल्पाला लेखापाल हवे होते. सरकारी खात्यात दोन उत्तम मुलं होती, बँक ताळमेळ, म्हणजे बँकेचा उतारा आणि आपलं कॅशबुक, दर महिन्याला जुळवणारी. आमच्या धंद्यात अशी माणसं सोन्यासारखी. आम्ही तिप्पट पगार देऊ केला. नेमणुकीच्या कागदावर माझी सही आहे. आमचे हिशेब चोख झाले, देणाऱ्यांचा लेखापरीक्षक खूश झाला. त्या खात्याचा ताळमेळ पुढं कुणी करायचा हा प्रश्न बैठकीत कुणाच्या तोंडून निघाला नाही, माझ्याही नाही.

देणाऱ्या देशांना हे कळत नव्हतं असं नाही. २००५ साली पॅरिसमध्ये त्यांनी जाहीरनामाच केला की स्वतंत्र दुकानं थाटण्यापेक्षा पैसा त्या देशाच्या तिजोरीतून, त्याच्या हिशेबपद्धतीतून जाऊ द्यायचा. मलावीत अनेक देणारे अशी अर्थसंकल्पी मदत देत होते, आणि सरकारच्या बजेटचा चाळीसेक टक्के भाग परदेशी मदतीचा होता. तत्त्व म्हणून मला हे आजही पटतं. तिजोरी वापरलीच नाही तर सुधारणार कशी?

आणि मग २०१३चा सप्टेंबर आला. १३ तारखेला रात्री अर्थ खात्याच्या बजेट संचालकावर राजधानी लिलाँग्वेत त्याच्या घराच्या फाटकावर गोळीबार झाला. तो वाचला. त्या सुमारास कनिष्ठ सरकारी कर्मचाऱ्यांच्या गाड्यांत आणि घरांत नोटांच्या थप्प्या सापडू लागल्या. लोकांनी प्रकरणाला नाव दिलं 'कॅशगेट'. नंतर ब्रिटनच्या पैशानं झालेल्या तपासणीत एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांतच सुमारे १३.६ अब्ज क्वाचा (तिथलं चलन), म्हणजे तीन कोटी डॉलरहून थोडे जास्त, गेल्याचं निघालं. पद्धत आमच्या धंद्यातल्या माणसाला झोप उडवणारी. न केलेल्या कामाची बिलं संगणकावरच्या हिशेबप्रणालीत घालायची, चेक काढायचा, चेक वटला की प्रणालीतून नोंद पुसून टाकायची. कॅशबुक स्वच्छ. बँकेचा उतारा आणि कॅशबुक समोरासमोर ठेवलं असतं तर पहिल्याच महिन्यात फरक दिसला असता. ते ठेवणारं कुणी नव्हतं. हे कळलं त्या दिवशी मला आमच्याकडं आलेली ती दोन मुलं आठवली.

ती महागडी प्रणालीसुद्धा सुधारणेच्या नावाखालीच आली होती. सॉफ्टवेअर परदेशातून आणता येतं. पासवर्ड एकमेकांना न देण्याची शिस्त मात्र आणता येत नाही. ती खात्यातल्या खात्यात, एखाद्याची नोकरी जाऊन, एखाद्याला शिक्षा होऊन, हळूहळू मुरते.

देणाऱ्यांनी अर्थसंकल्पी मदत थांबवली. त्यांच्या करदात्यांना ते दुसरं काय सांगणार? पण पैसा देशात येणं थांबलं नाही. तो सरकारला वळसा घालून संस्थांमार्फत आणि प्रकल्पांमार्फत येऊ लागला, म्हणजे पुन्हा स्वतंत्र दुकानं, पुन्हा वेगळे लेखापाल, पुन्हा ओट्यावर नावं. ज्यांनी पैसे खाल्ले त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. ओआरटी मात्र सगळ्याच जिल्ह्यांची आटली.

तुमच्या परीक्षेच्या पुस्तकात युगांडाचं उदाहरण असेल, तेही पाहून घ्या, कारण ते खरंच चांगलं आहे. १९९०च्या दशकात तिथं सरकार प्राथमिक शाळांना दर मुलामागं अनुदान देत होतं. अडीचशे शाळांत जाऊन मोजलं तेव्हा १९९१ ते ९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के रक्कम शाळेपर्यंत पोचल्याचं दिसलं. उरलेली मधल्या जिल्हा पातळीवर मुरलेली. मग सरकारनं एक साधी गोष्ट केली: कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले हे वर्तमानपत्रात छापायला लागले, आणि शाळेच्या भिंतीवर आलेली रक्कम लिहायची सक्ती केली. २००१ पर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. नोट्समध्ये याचा निष्कर्ष 'पारदर्शकता' असा एका शब्दात देतात. मला ते अपुरं वाटतं. त्याच काळात युगांडाचं अर्थ खातं कडक झालं होतं, मोफत प्राथमिक शिक्षण हा १९९६च्या निवडणुकीचा मुद्दा झाला होता, आणि राष्ट्राध्यक्षांना शाळांत पैसे पोचायला हवे होते. वर्तमानपत्रातली यादी कामी आली कारण ती वाचून चिडलेल्या मुख्याध्यापकाच्या पाठीशी वरचं कुणी तरी होतं. आपल्याकडं माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. माहिती हातात येऊनही पुढं काही हलत नाही असा अनुभव ज्यानं अर्ज केले आहेत त्याला विचारा.

ज्या देशानं मदत घेतली आणि पचवली, त्याचं माझं आवडतं उदाहरण बोत्स्वाना. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्या देशात बारा किलोमीटर डांबरी रस्ता आणि बावीस पदवीधर. पहिली काही वर्षं सरकारच्या रोजच्या खर्चालाही ब्रिटनचं अनुदान लागायचं. १९६७ साली ओरापाला हिरे सापडले, त्यामुळं लोक म्हणतात की त्यात काय, हिरे होते. हिरे काँगोतही होते आणि सिएरा लिओनमध्येही. बोत्स्वानानं दोन गोष्टी केल्या. नियोजन आणि अर्थ ही खाती एकाच छताखाली ठेवली. आणि राष्ट्रीय योजनेत नसलेला प्रकल्प, कुणी फुकट दिला तरी, घ्यायचा नाही असं ठरवलं. योजनेत घेताना तो पुढं चालवायला दरवर्षी किती लागतील आणि ते आपण कुठून आणणार याचा हिशेब आधी मांडायचा. म्हणजे शाळा बांधून द्यायला कुणी आलं तर पहिला प्रश्न, मास्तरचा पगार आमच्या बजेटात बसतो का. नसेल बसत तर नमस्कार. गरीब माणसानं दारात आलेल्याला नाही म्हणणं किती अवघड असतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या सरकारला ते जमलं, आणि हिऱ्यांचा पैसा यायच्या आधीपासूनच्या या सवयीमुळं पुढं हिऱ्यांचा पैसाही नीट वापरला गेला. तिथंही सगळं गोड नाही. एचआयव्हीनं तो देश जवळजवळ मोडून पडला होता, आणि बेकारी व विषमता आजही मोठी आहे.

उलट टोक पाहायचं तर हुकूमशहा मोबुटूचं झाईर, म्हणजे आजचं काँगो. १९७८ साली जर्मन मध्यवर्ती बँकेतला एर्विन ब्लुमेन्थाल नावाचा माणूस तिथल्या मध्यवर्ती बँकेत बसवला गेला. वर्षभरात तो परतला आणि १९८२ साली त्यानं लेखी कळवलं की राष्ट्राध्यक्षाचा खिसा आणि देशाची तिजोरी यात फरक उरलेला नाही, कर्ज देणाऱ्यांना पैसे परत मिळण्याची आशा नाही. त्यानंतरही कर्जं चालूच राहिली, नाणेनिधीचीसुद्धा. शीतयुद्धात मोबुटू 'आपल्या बाजूचा' होता, एवढं कारण पुरलं. म्हणून 'त्यांचा कारभार वाईट म्हणून मदत वाया गेली' हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, पैसे देणाऱ्याला त्या वेळी नक्की काय विकत घ्यायचं होतं? विकास हवा होता की संयुक्त राष्ट्रांत एक मत?

देणाऱ्याचा निवाडाही चुकतो. बांगलादेशातल्या पद्मा नदीवरच्या पुलाला द्यायचं १२० कोटी डॉलरचं कर्ज जागतिक बँकेनं २०१२ साली भ्रष्टाचाराच्या संशयावरून रद्द केलं. २०१७ साली कॅनडातल्या न्यायालयात त्या प्रकरणातले आरोपी निर्दोष सुटले. बांगलादेशनं पूल स्वतःच्या पैशातून बांधला आणि २५ जून २०२२ला तो उघडला. खर्च मूळ अंदाजाच्या तिप्पटीवर गेला हेही त्यात आलं.

आधी सुशासन की आधी पैसा, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठं भांडण झालं आहे. २००० साली बर्नसाइड आणि डॉलर (आडनाव खरंच डॉलर आहे) यांनी दाखवलं की चांगली धोरणं असतील तिथंच मदतीनं वाढ होते. चार वर्षांत दुसऱ्यांनी त्यात आणखी काही वर्षांची आकडेवारी घातली आणि निष्कर्ष विरघळला. परीक्षेत दोन्ही बाजू लिहा. माझ्या अनुभवात 'आधी' हा शब्दच गोंधळ घालतो. मलावीचाच आरोग्याचा अनुभव सांगतो, म्हणजे मी मदतीच्या विरोधात बोलतो आहे असं वाटायला नको.

२००४च्या सुमारास तिथल्या दवाखान्यांत परिचारिकाच उरल्या नव्हत्या. ज्या शिकायच्या त्या ब्रिटनला जायच्या. तेव्हा देणाऱ्यांनी एक नेहमी टाळलेली गोष्ट केली: पगारात पैसे घातले. आरोग्य कर्मचाऱ्यांना ५२ टक्के वाढीव वेतन, नर्सिंग शाळांची क्षमता वाढवणं, हे सगळं एकत्र. २००४ ते २००९ या काळात कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्यानं वाढली. फीत कापण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आणि २०११ साली मलावीच्या आरोग्य खात्यानं जगाला शिकवण्यासारखं काम केलं. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला जन्मभराचं औषध द्यायचं की नाही हे रक्ततपासणीतल्या पेशींच्या संख्येवर ठरवायचं, असा तेव्हा जागतिक नियम होता. मलावीत ती तपासणी करणारी यंत्रं बहुतेक ठिकाणी नव्हतीच. खात्यातल्या लोकांनी ठरवलं की मोजत बसायचं नाही. बाई गरोदर आहे आणि संसर्ग आहे, एवढं कळलं की औषध सुरू, ते जन्मभर. पैसे बाहेरचे होते, पण डोकं तिथलं. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढं तीच पद्धत उचलली. तर 'कॅशगेट' आणि हे, दोन्ही एकाच देशाच्या सरकारी यंत्रणेतलं, एकाच दशकातलं. देशाचा कारभार चांगला किंवा वाईट असा घाऊक नसतो. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चोख असतो आणि तिसऱ्यावर चोरी चालते. आपल्याही जिल्हा परिषदेत कुठल्या खात्याची फाइल उघडताना हात थरथरतो आणि कुठल्या खात्याची डोळे मिटून पास करता येते, हे प्रत्येक ऑडिटरला पाठ असतं.

आणि याच उदाहरणाची दुसरी बाजू: वाढीव वेतनाचा बाहेरचा पैसा आटल्यावर सरकारला भरती परवडेना. शिकून तयार झालेल्या परिचारिका घरी बसल्या आणि दवाखान्यांतली पदं रिकामी राहिली. २० जानेवारी २०२५ला अमेरिकेनं परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवण्याचा हुकूम काढला आणि १ जुलैपासून ही मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच परराष्ट्र खात्यात विरून गेली. ब्रिटननंही २०२७ पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. जन्मभर घ्यायच्या गोळ्या दुसऱ्या देशाच्या एका वर्षाच्या बजेटावर टांगलेल्या होत्या, हे त्या दिवसांत तिथल्या जुन्या सहकाऱ्यांच्या फोनवरून मला पहिल्यांदा अंगावर आलं. त्यांना नोटीस मिळाली होती, पण ते बोलत होते गोदामातल्या साठ्याबद्दल.

तेव्हा माझ्याकडून उत्तर हवं असेल तर ते असं. मदत मिळाली की नाही यापेक्षा तिच्यातला किती भाग चालवण्यावर आणि किती बांधण्यावर गेला ते बघा. मग चालवण्याचा खर्च त्या देशाच्या स्वतःच्या करातून निघण्याकडं दरवर्षी थोडा तरी सरकतो आहे का ते बघा. जिथं सरकतो आहे तिथं सुशासन वाढतंच, कारण स्वतःच्या खिशातून गेलेल्या पैशाचा हिशेब लोक मागतात. आपल्याकडच्या त्या पाणीपुरवठा योजनेत म्हणूनच लोकवर्गणीची अट होती. एका गावात ती ठेकेदारानंच भरलेली मी पकडली होती, पन्नास नावांपुढं एकाच हस्ताक्षरातल्या सह्या. शेजारच्या गावात मात्र बायकांनी खरी गोळा केली होती, आणि त्या गावात पहिल्याच महिन्यात दोघी जणी मोजमाप पुस्तिका बघायला ऑफिसात येऊन बसल्या. शाखा अभियंता वैतागला होता. मी त्यांना चहा पाजला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मुलाखतीत विचारतील. भारत आता स्वतः देणारा आहे. एक्झिम बँकेमार्फत आपण आफ्रिकेतल्या देशांना सवलतीची कर्जं देतो, आणि साधारण ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्यायची त्यात अट असते. आपल्या कारखान्यांना काम मिळतं, त्यांना यंत्रं मिळतात. मी आफ्रिकेतल्या एका लहान गावात असाच आपल्याकडून गेलेला सिंचनाचा पंपसंच पाहिला. दोन हंगाम चालून उभा होता. मी भारतीय आहे हे कळल्यावर तिथल्या फोरमननं शर्टाच्या खिशातून फडक्यात बांधलेलं एक झिजलेलं बेअरिंग काढलं आणि विचारलं, हे तुमच्याकडं कुठं मिळतं? मी फोटो काढून घेतला. पुढच्या सुट्टीत पुण्यात एका दुकानात दहा मिनिटांत तसंच मिळालं. दोन घेतली आणि कपड्यांच्या बॅगेतून नेली. विमानतळावर कस्टमवाल्यानं त्यावर ड्यूटी लावली, रीतसर पावती दिली. प्रवासखर्चाचं बिल भरताना ती पावती कुठल्या हेडखाली टाकायची ते मला काही सापडलं नाही. अजून ती माझ्या पाकिटात आहे.